दोरीची जादू करणार असाल तर आधी कात्री

कात्री. बाकीचं सगळं सांगतोच, पण आधी कात्री: स्वतःची, धार लावलेली आणि उजव्या खिशात.

गेल्या गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोरी कापून जोडायचा विनोदी प्रयोग केला, तेव्हा कात्री घरी जेवणाच्या टेबलावर राहिली. दुपारी तिनेच सरावाची दोरी कापली होती. मंडपात गेल्यावर लक्षात आलं, म्हणून सजावटीच्या पोरांकडून एक मागून घेतली. तिच्या पात्यांना चिकटपट्टीचा डिंक आणि थर्माकोलचा चुरा लागला होता. दोरी कापली जाईना, पात्यांमध्ये नुसती दुमडायची. तेही निभावलं असतं. खरं नुकसान पुढे झालं. मागून आणलेली कात्री समोर टेबलावर, त्यामुळे खिशात हात घालायला कारणच उरलं नाही. आणि या प्रयोगात कात्री खिशातून काढणं, परत खिशात ठेवणं, यातच अर्धा जीव आहे. हातात जे उरायला नको ते त्याच वेळी हातातून जातं. माझ्या मुठीत ते शेवटपर्यंत राहिलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "काका, ती मूठ उघडा ना." मूठ उघडता येण्यासारखी नव्हती. दोरी अखंड झालेली कोणी पाहिलीच नाही, सगळे मुठीकडे बघत होते.

म्हणून सरावाची कात्री वेगळी, प्रयोगाची वेगळी. प्रयोगाच्या कात्रीने कागद, धागा, दुधाची पिशवी, दोरीखेरीज काहीही कापायचं नाही.

आता दोरी. पांढरी, सुती, विणलेली, आठ ते दहा मिलिमीटर जाडीची. रविवार पेठेत बोहरी आळीत फिरलात तर मिळेल. नायलॉन नको, गाठ सुटते आणि वळण धरून राहतं. नवी दोरी ताठ असते, कारण आत गाभा असतो आणि वरून खळ. गाभा काढावाच लागतो. दीड मीटरचा तुकडा कापा, एका टोकाला आतले धागे चिमटीत धरा आणि वरची वीण मागे सरकवत न्या. घाई केली की वीण गोळा होऊन अडकते. मग गरम पाण्यात भिजवून, चोळून सावलीत वाळवा. टोकांना फेविकॉलचं बोट फिरवा, नाहीतर दुसऱ्याच सरावाला धागे सुटतात. प्रत्येक कापण्यात वीतभर दोरी वाया जाते, तेव्हा एकदम वीस मीटर आणा. दोरी वाचवायची म्हणून न कापता केलेला सराव कामाचा नाही. खरं कापा, आणि प्रयोगाच्याच कात्रीने निदान दोनदा कापून बघा. गाभा काढलेली दोरी मऊ असते, ती बोथट पात्यात कापली न जाता लोळते. घरच्या कात्रीने कागद कापला जातो म्हणजे दोरीही कापली जाईल असं धरू नका.

तीन लहानमोठ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या होतात तो प्रयोगही जोडीला घ्या. बॉब कार्व्हर या जादूगाराला त्याचं श्रेय दिलं जातं. त्यात लांबीचं गणित चुकवू नका: लहान आणि मोठी यांची बेरीज करून निम्मी केली की मधली. लहान २५ सेंटिमीटर, मोठी ९५, तर मधली ६०. दोनतीन सेंटिमीटरचा फरकसुद्धा मागच्या रांगेतून दिसतो. दोऱ्या धुतल्या की आटतात, म्हणून आधी धुवा, मग मापा. याला कात्री लागत नाही, म्हणून हा आधी करा. लोक सैलावतात आणि तुमचे हातही.

दोरी कापून जोडणं फार जुनं आहे. १५८४ साली इंग्लंडात रेजिनल्ड स्कॉटने नाडी कापून अखंड करण्याची रीत छापून टाकली. म्हणजे 'दोरी जुळणार' हे प्रेक्षकाला आधीपासूनच ठाऊक असतं, आणि जुळण्याची गंमत एकट्याने पुरत नाही. गोष्ट लागते. पुण्यात चालणारी गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या साडीचं पाणी खालच्या आजोबांच्या धोतरावर ठिबकतं, भांडण कमिटीकडे जातं, कमिटी दोरी मधोमध कापून देते. मग अर्ध्या दोरीवर अख्खी साडी मावत नाही आणि दोघंही कमिटीच्या दारात. ही गोष्ट लिहून काढा, मोठ्याने वाचा, सात मिनिटांच्या आत बसवा. हशा आला की थांबा. हशावर बोललेलं वाक्य वाया जातं, आणि नेमकं त्यातच पुढच्या हशाचं बी असतं. मंचावर बोलावलेल्या मुलाची थट्टा करू नका, थट्टा दोरीची आणि कमिटीची. मुलाच्या हातात कात्री देऊ नका.

बोलत बोलतच सराव करा, पहिल्या दिवसापासून. आधी हात बसवू, मग बोलू, असं केलं की बोलायला लागताच हात थांबतात. आरशापेक्षा मोबाइलवर चित्रण बरं. आरशात आपण नेमक्या चोरीच्या क्षणी, म्हणजे हातातलं गुपचूप खिशात जातं तेव्हा, स्वतःच्या हाताकडे बघतो आणि ती सवय मंचावर येते. रोज वीस मिनिटं, निदान पाच आठवडे. त्यातही रोज एकदा तरी संपूर्ण प्रयोग, कात्री खिशात ठेवून, त्याच कपड्यांत. झब्ब्याचा खिसा खोल असतो, कात्री आडवी होते आणि हात शोधत बसतो. मी आता आतून कापडी पट्टी शिवून घेतली आहे, कात्री उभी राहते.

माइक. सोसायटीचा माइक हातात धरायचा असतो आणि तुमचे दोन्ही हात दोरीत. स्टँड लागेल हे आठ दिवस आधी सांगा, आदल्या दिवशी पुन्हा सांगा, आणि तो छातीपर्यंत खाली येतो का ते स्वतः बघा. मुलं पायऱ्यांवर, बाजूला, कधी मागेही बसतात. मागे कोणी नको, हे निवेदकाकडून वदवून घ्या. भाद्रपदात हवा दमट, दोरी जड होते. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवा आणि एक जोडी जास्त.

वेळ आरतीनंतरची मागा, प्रसाद वाटपाच्या आधीची. प्रसाद सुरू झाला की कोणी बघत नाही.

त्या दिवशी: दोऱ्या मोजा. टोकं बघा. पाणी प्या. घराबाहेर पडताना कात्री. रिक्षात बसल्यावर खिसा चाचपा. मंडपात पुन्हा. नाव पुकारलं की पुन्हा. खिशात हात गेला आणि कात्री लागली नाही तर तो प्रयोग करू नका, तीन दोऱ्यांचाच करा आणि उतरा.

संपल्यावर मुलं कापलेले तुकडे मागतात, द्यायला हरकत नाही. कात्री मात्र तेवढ्यात सजावटीची पोरं मागतील, चिकटपट्टी कापायला. ती आधी पिशवीत टाका.