हेवीवेट विजेता टिकेल का? आव्हानवीरांसमोर त्याची बाजू कशी तोलावी

"याला कोणी हरवू शकत नाही" आणि "आता त्याचं वय झालं", बॉक्सिंगच्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या विजेत्याबद्दलचा वाद बहुतेक वेळा या दोन वाक्यांतच अडकतो. मला या खेळाचं वेड आहे, म्हणून अशा वादातून काहीतरी हाती लागावं असं मनापासून वाटतं. त्यासाठीची पद्धत इथे ओलेक्झांडर उसिकचं उदाहरण घेऊन सांगतो. 2025च्या अखेरीला हा युक्रेनी बॉक्सर अपराजित होता. 24 लढती, 24 विजय, त्यातले 15 नॉकआऊटने. त्याच्याकडे डोळे लावून बसलेले तीन गडी होते: जर्मनीचा आगित काबायेल आणि ब्रिटनचे फॅबियो वॉर्डली व मोझेस इटाउमा. तिघांच्या लढण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की वाद शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आधी पट्ट्यांचा गुंता सोडवा

हे काम लवकर उरकावं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना विश्वविजेतेपदाचा आपापला पट्टा देतात. उसिकने मे 2024 मध्ये रियाधला टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. हेवीवेटमध्ये चार पट्ट्यांच्या काळात हे आधी कोणालाच जमलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्याने आयबीएफचा पट्टा सोडला, जुलै 2025 मध्ये वेम्बलीत डॅनियल डुबॉला पाचव्या फेरीत गारद करून परत मिळवला आणि नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूबीओचा सोडून दिला. तो पट्टा वॉर्डलीकडे गेला, उसिकशी न लढता. म्हणजे 2025च्या अखेरीला कागदावर दोघेही विश्वविजेते होते. वादात मात्र पट्टा बाजूला ठेवा आणि कोणी कोणाला, कधी, कसं हरवलं तेवढंच धरा.

विजेत्याची अवघड मिनिटं शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नॉकआऊटच्या छोट्या चित्रफिती पाहून विजेता कळत नाही. तो कुठे अडचणीत आला आणि त्यातून कसा बाहेर पडला, हे पाहायचं असतं. पूर्ण लढत बघा, शक्य असेल तर समालोचनाचा आवाज बंद करून. समालोचक एकाच्या बाजूने बोलू लागला की आपल्या डोळ्यांनाही तेच दिसायला लागतं.

उसिकच्या बाबतीत अशा जागा सापडतात. ऑक्टोबर 2020 मध्ये डेरेक चिसोराने पहिल्या काही फेऱ्यांत त्याला अंगावर चालून जाऊन मागे रेटलं होतं. ऑगस्ट 2022 मध्ये जेद्दात अँथनी जोशुआबरोबरच्या दुसऱ्या लढतीत नववी फेरी जोशुआची होती. पोटावर आणि बरगड्यांवर बसलेल्या ठोशांनी उसिक दबलेला दिसत होता. फ्युरीबरोबरच्या पहिल्या लढतीतही चौथ्या फेरीपासून मधला बराच काळ फ्युरीने पोटावर मारा करून वरचष्मा मिळवला. तीन प्रतिस्पर्धी, तीन वर्षं, पण दुखरी जागा एकच: धड.

आता याची दुसरी बाजू बघा, कारण खरा उसिक तिथे दिसतो. जेद्दात नवव्या फेरीनंतर दहावीत तो असा तुटून पडला की लढतीचं पारडंच फिरलं. रियाधमध्ये नवव्या फेरीत त्याने फ्युरीला दोरांवर कोलमडायला लावलं आणि पंचांना मोजणी करावी लागली, म्हणजे फ्युरी पाडला गेला असंच धरलं गेलं. पोटावर मार खाऊनही उत्तरार्धात वेग वाढवणारा हेवीवेट मी तरी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून "पोटावर मारलं की उसिक संपला" हे विधान अर्धवट आहे. पोटावर मारत राहून बाराव्या फेरीपर्यंत तोच वेग कोण टिकवेल, हा खरा प्रश्न.

आव्हानवीर जिंकणार असेल तर कसा, ते सांगायला लावा

तालमीतले जुने वस्ताद नव्या मल्लाचं कौतुक ऐकून घेतात आणि मग विचारतात, त्याचा हातखंडा डाव कोणता? इथेही तेच विचारायचं. समोरचा म्हणाला "इटाउमा जिंकेल", तर कोणत्या ठोशाने, कोणत्या फेऱ्यांत आणि उसिकच्या कोणत्या सवयीचा फायदा घेऊन, हे त्याने सांगावं. सांगता येत नसेल तर त्याच्याकडे मत नाही, फक्त आवड आहे.

वॉर्डलीचा मार्ग सरळ आहे. तो हौशी बॉक्सिंगच्या शाळेतून आलेला नाही. जून 2025 मध्ये इप्सविचला जस्टिस ह्यूनीविरुद्ध तो गुणांत बराच मागे होता, तरी दहाव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने लढत संपवली. ऑक्टोबरमध्ये लंडनला जोसेफ पार्करला त्याने अकराव्या फेरीत थांबवलं. जिद्द आणि शेवटपर्यंत शिल्लक राहणारी ताकद, दोन्ही खऱ्या. पण ह्यूनीने ज्या सहजतेने फेरीमागून फेरी घेतली, ती पाहून मला उसिकविरुद्ध वॉर्डलीच्या हाती एकच ठोसा दिसतो. एका ठोशावर बेतलेली योजना डुबॉनेही दोनदा आणली होती: व्रॉत्स्वाफला 2023 मध्ये नवव्या फेरीत आणि वेम्बलीत पाचव्या फेरीत तिचा निकाल लागला.

काबायेलचं प्रकरण वेगळं. डिसेंबर 2023 मध्ये अर्स्लानबेक मखमुदोव, मे 2024 मध्ये फ्रँक सांचेझ आणि फेब्रुवारी 2025 मध्ये झँग झिलेई, तिघांनाही त्याने मुख्यतः पोटावरच्या ठोशांनी मोडलं. झँगने पाचव्या फेरीत त्याला खाली पाडलं होतं. पुढच्याच फेरीत काबायेलने त्याला संपवलं. वर शोधलेली दुखरी जागा आणि या माणसाचा हातखंडा, दोन्ही नेमके जुळतात. अडचण अंतराची आहे. मखमुदोव आणि झँग हे जड, संथ गडी समोर उभे राहिले. उसिक उभा राहत नाही. डावखुरा असल्यामुळे तो आपला पुढचा उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेर रोवतो, तिथून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा मारतो आणि बाजूला सरकतो. काबायेल त्याच्या छातीशी भिडेपर्यंत तो तिथून निघालेला असतो.

इटाउमा जन्मला डिसेंबर 2004 मध्ये. उसिकने लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. त्याच्याविषयी फार कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तोही डावखुरा आहे. जोशुआ, फ्युरी, डुबॉ, चिसोरा हे सगळे मुळात उजव्या हाताचे, त्यांच्याविरुद्ध उसिकला पायाच्या त्या जागेचा फायदा मिळाला. दोन डावखुरे समोरासमोर आले की तो कोन नाहीसा होतो, जॅब सरळ रेषेत येतात आणि हाताचा वेग जास्त महत्त्वाचा ठरतो. हा मुद्दा इटाउमाच्या बाजूचा. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की 2025 संपेपर्यंत तो सहा फेऱ्यांपलीकडे कधी गेलाच नव्हता, आणि उसिकची खरी लढत सुरू होते सातव्या फेरीनंतर.

"अ ने ब ला हरवलं" हे गणित मांडू नका

जो फ्रेझरने 1971 मध्ये मुहम्मद अलीला हरवलं. केन नॉर्टननेही मार्च 1973 मध्ये अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने फ्रेझर आणि नॉर्टन, दोघांनाही प्रत्येकी दोन फेऱ्यांत गुंडाळलं. या गणिताने 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीचं काही खरं नव्हतं. आठव्या फेरीत खाली पडला तो फोरमन. म्हणून चिसोराला काबायेलने 2017 मध्ये आणि उसिकने 2020 मध्ये गुणांवर हरवलं, यावरून दोघांची तुलना करू नका. त्या लढतींत काबायेल कसा हलत होता ते बघायला मात्र वापरा.

वय मोजा, पण फक्त आकडा नको

उसिकचा जन्म 17 जानेवारी 1987चा. लॅरी होम्स 48 विजयांनंतर 35व्या वर्षी मायकल स्पिंक्सकडून हरला, व्लादिमिर क्लिच्को 39व्या वर्षी फ्युरीकडून. उलट फोरमनने 45व्या वर्षी, 1994 मध्ये पट्टा परत मिळवला. फरक शैलीचा आहे. फोरमन एका जागी उभं राहून मारणारा होता. ठोशाची ताकद सगळ्यात शेवटी जाते. क्लिच्कोचं सगळं काम अंतरावर चालायचं, आणि पाय मंदावले की ठोसा सोडायला मन कचरतं. उसिकची शैली पायांवर उभी आहे, म्हणून त्याच्यासाठी वय हा फोरमनपेक्षा मोठा धोका मानावा. पुढच्या लढतीत पहिल्या तीन फेऱ्यांत फक्त त्याचे पाय पाहा: जॅब मारल्यावर तो बाजूला निघतो की सरळ मागे जातो? सरळ मागे जाऊ लागला तर अंदाज लगेच बदला.

वजनाला लोक उगाच फार महत्त्व देतात. डिसेंबर 2024 मध्ये फ्युरी त्याच्यापेक्षा सुमारे 25 किलो जड होता, तरी तिन्ही जजांनी उसिकला 116-112 असा विजय दिला.

गुणपत्रक वाचायला शिका

फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुधा 9. एकदा पाडलं तर साधारण 8. फ्युरीबरोबरच्या पहिल्या लढतीत दोन जजांनी उसिकला 115-112 आणि 114-113, तर तिसऱ्याने फ्युरीला 114-113 असं पुढे ठेवलं. नवव्या फेरीतली ती मोजणी झाली नसती आणि फ्युरीला एक गुण जास्त मिळाला असता, तर एक जज उसिककडे, एक फ्युरीकडे आणि तिसऱ्याकडे 114-114, म्हणजे लढत बरोबरीत सुटली असती. "उसिक सहज जिंकला" म्हणणाऱ्यासमोर हे मांडा. "निकाल चोरला" म्हणणाऱ्याला दुसरी लढत दाखवा.

अंदाज लिहून ठेवा

लढतीआधी विजेता, पद्धत आणि फेऱ्यांचा टप्पा लिहा, शिवाय कोणती गोष्ट दिसली तर मत बदलाल तेही. माझा अंदाज असा: वॉर्डलीला उसिक आठव्या ते दहाव्या फेरीदरम्यान थांबवेल. काबायेलविरुद्ध तो गुणांवर जिंकेल, पण त्या लढतीत त्याला आजवरचा सगळ्यात जास्त त्रास होईल. चौथ्या फेरीआधीच त्याची कोपरं बरगड्यांना चिकटू लागली तर मी काबायेलच्या बाजूने जाईन. इटाउमाने आधी एखाद्या टिकाऊ गड्याशी दहा-बारा फेऱ्या खेळाव्यात. त्या फेऱ्यांत त्याचा जॅब नवव्या-दहाव्या फेरीपर्यंत तसाच झपाझप सुटत राहिला, तर उसिकविरुद्ध मी त्यालाच निवडेन.