अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे: या चुका टाळा

‘सिस्टर, आमच्या घराण्यात कुणाला डोळ्याचं काही नाही.’ बेळगावात नवजात बाळांच्या विभागात हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते.

खानापूरकडचं एक बाळ, जन्माचं वजन 1300 ग्रॅम. पेटीतून घरी सोडताना तपासणीची तारीख सांगितली होती. आजीने सव्वा महिन्याआधी उंबरा ओलांडू दिला नाही. पुढे ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणून राहूनच गेलं. बाळ नजर देत नाही म्हणून आणलं, तोवर दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. लेसरची वेळ केव्हाच टळली होती.

या आजाराला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार) म्हणतात. त्याचं मूळ अपुऱ्या दिवसांत आहे. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधी जन्मलं की ती वाढ अर्धवट राहते, मग जास्त ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, वजन न वाढणं यांमुळे त्या वेड्यावाकड्या फुटतात. जनुकांचा वाटा आहेच. एकसारख्या जुळ्यांचे डोळे या आजारात वेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त मिळतेजुळते निघतात. पण तो कल आजोबांच्या चष्म्यावरून कळत नाही. ‘रक्ताची जीन टेस्ट करा, डोळ्यांत तपासणीचे थेंब नकोत’ म्हणणाऱ्या घाईच्या बापांनाही तेच सांगते: पडदा बघण्याला पर्याय नाही.

सुनेच्या माहेरावर खापर फोडू नका.

खरा आनुवंशिक आजार वेगळा: एफईव्हीआर, म्हणजे घराण्यातून येणारा पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा आजार. एफझेडडी4, एलआरपी5, एनडीपी अशा जनुकांतल्या दोषाने होतो आणि आरओपीसारखाच दिसतो. पूर्ण दिवसांच्या बाळात असा पडदा दिसला, तर आईबापांनीही थेंब घालून डोळे तपासून घ्यावेत, तक्रार नसली तरी. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

दिवस मोजताना फार घोळ होतो. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी 30 दिवसांच्या आत, तीही जन्मापासून मोजून. घरी आल्यापासून नाही. 28 आठवड्यांआधीचं किंवा 1200 ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. मी कार्डावर तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिते, आजीकडून मोठ्याने वाचून घेते आणि आशाताईंना फोन करते.

काजळ नको.

पहिली तपासणी चांगली आली म्हणून पुढची चुकवू नका. वाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचल्याचं डॉक्टर लिहून देईपर्यंत, चिकोडीहून यावं लागलं तरी, दिलेल्या तारखेला या.