पश्चिमेची ब्लॉकची भिंत: आधी पाणी अडवा, मग ऊन

जत-आटपाडीकडे एप्रिलमध्ये पश्चिमेची सिमेंट ब्लॉकची भिंत दुपारपासून तापते आणि रात्री ती ऊब खोलीत सोडते. एक इंच थर्माकोल सहा इंची भरीव ब्लॉकच्या निदान चौपट उष्णता अडवतो. पण वरचा स्लॅब उघडाच तापत असेल तर आधी त्याचं बघा.

भिंत नवी असेल तर ब्लॉक २८ दिवस जुने घ्या आणि विटांसारखे भिजवू नका. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो, मग सांध्यातून चिरा पडतात. गवंड्याला विटांची सवय असते, म्हणून हे उभं राहून सांगावं लागतं.

बाहेरचा गिलावा १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), दोन थरांत: आधी १२ मिमी, तो खरवडून ठेवायचा, मग ८ मिमी. शंभर चौरस फुटांना साधारण दीड पोती सिमेंट आणि ७-८ घनफूट वाळू लागते. गिलावा धरावा म्हणून कॉलम-बीमला आधी टाचे (छिन्नीचे खाचे) मारा. ब्लॉक जिथे त्यांना भिडतो तिथे सहा इंच रुंद चिकन जाळी ठोका, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. बहुतेक उभ्या-आडव्या चिरा याच सांध्यात येतात आणि पाटण-महाबळेश्वरच्या झडीचं पाणी तिथूनच आत येतं. सात दिवस पाणी मारा.

भिंत पूर्ण वाळू द्या. खात्रीसाठी आतून दोन फुटी प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब दिसले तर थांबा, कारण ओल झाकली की ती आतल्या आत पसरते.

मग आतून एक इंची थर्माकोल किंवा एक्सपीएस (थर्माकोलसारखीच, पण जास्त घट्ट) शीट सिमेंटवाल्या चिकटद्रव्याने लावा. सॉल्व्हंटचा गोंद थर्माकोल विरघळवतो. वायर पाइपमधूनच न्या, थर्माकोलला टेकलेलं वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं. थर्माकोल उघडा ठेवू नका, आग पटकन धरतो. त्यावर दोन-दोन फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे) चॅनेल, साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड, नऊ इंचांवर स्क्रू. बोर्ड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर पुसायचं पाणी शोषतो. सांध्यांना टेप, पुट्टी, प्रायमर, मग रंग.

सांगलीत २०१९ किंवा २०२१ ला घरात कृष्णेचं पाणी आलं असेल तर जिप्सम लावूच नका. पुरात त्याचा लगदा होतो. तिथे सिमेंट फायबरचा बोर्ड घ्या.