एपिस्टरीत घेराव पडला तर

२०१६ सालच्या 'एपिस्टरी' या टायपिंगच्या व्हिडिओ गेममध्ये शब्द लिहिलेले किडे चहूबाजूंनी चाल करून येतात, शब्द टाइप केला की किडा मरतो, आणि एकाचा जरी स्पर्श झाला तरी खेळ तिथेच संपतो. म्हणून सोपा शब्द शोधत बसू नका, सर्वांत जवळ आलेल्याचा शब्द आधी टाइप करा. किडा अगदी अंगाशी आला तर 'विंड' टाइप करून वाऱ्याची जादू घ्या, पुढच्या शब्दाबरोबर तो मागे ढकलला जातो. माझ्या मते हीच सर्वांत मोलाची जादू. घोळक्यावर 'स्पार्क', अनेक शब्दांच्या धिप्पाड किड्यावर 'फायर', कारण आग त्याचा पुढचा शब्दही जाळते. शब्द रंगीत दिसला तर मात्र त्या रंगाचीच जादू चालते. नजर स्क्रीनवरच हवी, कीबोर्डवर नको.