पोस्टिंग आली, क्वार्टर नाही: बाहेर घर बघताना या चुका टाळा

फौजी घरात पोस्टिंग ऑर्डर आली की नव्या स्टेशनला, म्हणजे बदलीच्या ठिकाणी, पहिला फोन जातो तो सरकारी क्वार्टरसाठी, आणि मोठ्या स्टेशनांवर ‘वेटिंग आहे’ हे उत्तर बहुतेक ठरलेलं. मग जॉइन व्हायच्या तारखेच्या आत बाहेर घर शोधायचं, पेट्या भरायच्या, मुलांचे टीसी काढायचे. या घाईत घर मिळून जातं, पण वस्ती चुकते. घरातला गळका नळ बदलता येतो, भिंतींना रंग लावता येतो. वस्ती मात्र पोस्टिंग संपेपर्यंत आहे तशीच सोसावी लागते.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. घर शोधतो तो ड्यूटीवर जाणारा माणूस, आणि तो सगळी अंतरं युनिटच्या गेटपासून मोजतो. पण त्या वस्तीत दिवसभर राहणार कोण? साहेब, म्हणजे नवरा, पहाटे पीटीला जाणार, मधेच एक्सरसाइज (युद्धसराव) लागणार, कोर्स येणार, टेम्पररी ड्यूटी निघणार. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, दुपारचा बंद पडलेला पंप हे सगळं बघायला बायको एकटी. म्हणून घराची वस्ती तिच्या दिवसावरून निवडावी, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या चुकाही त्याच नजरेने सांगते.

शहराच्या नावावर घर शोधणं

‘पुण्याला पोस्टिंग आली’ एवढ्यावर नातेवाईक घर सुचवायला लागतात. कुणाचा भाऊ कोथरूडला असतो, कुणाची मैत्रीण हडपसरला. पण पुणे म्हणजे नेमकं कुठे? एनडीए खडकवासल्याला, एएफएमसी (लष्करी वैद्यकीय महाविद्यालय) आणि कमांड हॉस्पिटल वानवडीला, सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय) दापोडीला, हवाई दलाचा तळ लोहगावला, आणि देहूरोड तर पार मुंबईच्या वाटेवर. वानवडीत घर आणि देहूरोडला ड्यूटी असेल तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. नाशिकचंही तसंच. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीला, तर हवाई दलाचा रिपेअर डेपो ओझरला, म्हणजे शहराच्या दोन विरुद्ध टोकांना. नागपुरात वायुसेनानगर एकीकडे, कामठी दुसरीकडे. आधी ऑर्डरवर युनिटचं ठिकाण नीट वाचा, युनिटमधल्या कुणाला तरी फोन करून रोज रिपोर्ट कुठे करायचं ते विचारा, आणि मगच नकाशा उघडा.

नकाशाचीही एक गोची असते. कॅन्टोन्मेंटमधून जाणारे रस्ते त्यात मोकळे दिसतात, पण त्यातली काही फाटकं ठरावीक वेळेनंतर बंद होतात आणि काही रस्त्यांवर पासाशिवाय सोडत नाहीत. साहेबांना ओळखपत्रावर सोडतील, पण शाळेच्या व्हॅनवाल्याचं आणि कामवाल्या मावशींचं काय? मोबाइलवर दहा मिनिटं दाखवणारं अंतर त्यांना वळसा घालून अर्ध्या तासाचं पडू शकतं.

शाळा नंतर बघू म्हणणं

घर ठरवून मग शाळा शोधणारे लोक पाहिले की मला खरंच काळजी वाटते. क्रम उलटा हवा. आपल्या मुलांना बहुधा केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूलच सोयीचं पडतं, कारण पुढच्या स्टेशनलाही तोच सीबीएसई अभ्यासक्रम मिळतो. केंद्रीय विद्यालयात आपण प्राधान्याच्या पहिल्या गटात येतो आणि गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या तेही मोजलं जातं. पण प्राधान्य म्हणजे जागेची हमी नव्हे. एका केंद्रीय विद्यालयातून बदलीमुळे दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात जाणाऱ्या मुलाचं काम सोपं असतं, बाहेरच्या शाळेतून येणाऱ्याचं तितकं नाही. पुण्यात सदर्न कमांड, गणेशखिंड, सीएमई अशी कितीतरी केंद्रीय विद्यालयं आहेत, आणि मुलाला नेमकी कोणती मिळेल हे प्रवेश होईपर्यंत नक्की नसतं. तेव्हा प्रवेश हातात येईपर्यंत गेस्ट रूममध्ये किंवा ओळखीच्यांकडे थोडे दिवस काढावे लागले तरी काढा.

प्रवेश मिळाला की शाळेच्या बसचा मार्ग विचारा आणि शेवटचा थांबा कोणता तेही विचारा. मग सकाळी साडेसहाला त्या थांब्यावर जाऊन उभं राहा. रस्ता ओलांडायला जागा आहे का, पावसात उभं राहायला आडोसा आहे का, आणखी मुलं येतात का, हे दहा मिनिटांत कळतं. बसची वाट बघणाऱ्या दोन आयांशी बोललात तर त्या भागाची जी माहिती मिळेल ती कुठलाही एजंट देणार नाही.

मूल दहावीत किंवा बारावीत असेल तर वेगळा विचार करा. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीतच होते, त्यामुळे पुढच्या वर्षी मूल हलवणं त्रासाचं. अशा वेळी जुन्याच स्टेशनला क्वार्टर ठेवण्याची परवानगी मिळते का ते आधी विचारा. साहेब फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, जात असतील तर सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशन, म्हणजे आपण ज्याला एसएफ म्हणतो, त्याचा अर्ज वेळेत टाका. नवं घर शोधण्याआधी या दोन दारांवर टकटक करायलाच हवी.

उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या पाण्याची चौकशी न करणं

घर बघायला आपण जातो दुपारी, एजंटला सवड असते तेव्हा. नळ सोडून दाखवला जातो, पाणी येतं, विषय संपतो. पण ते पाणी महापालिकेचं की टँकरचं? पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली. तिथे इमारती भराभर उठल्या, पाण्याच्या लाइनी तेवढ्या वेगाने गेल्या नाहीत. अशा भागात भाडं कमी दिसतं, पण उन्हाळ्यात सोसायटी टँकरची वर्गणी काढते तेव्हा वाचलेले पैसे तिकडेच जातात. वॉचमनला विचारा, ‘एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात?’ तो खरं सांगतो. पार्किंगमध्ये सम्पच्या झाकणाशी जाड पाइप आणि ओल्या मातीत मोठ्या चाकांच्या खुणा दिसल्या तर विचारायचीही गरज नाही.

पावसाळ्याची चौकशी याहून महत्त्वाची. एनडीएला पोस्टिंग आलेल्यांना सिंहगड रस्ता सोयीचा वाटतो, आणि तो आहेही. पण २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर याच रस्त्यालगतच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं आणि लोकांना बाहेर काढायला लष्कराला उतरावं लागलं. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात रात्रीत हाहाकार केला होता. याचा अर्थ हे भाग टाळा असा नाही. नदी किंवा ओढा किती लांब आहे, इमारत किती उंचीवर आहे, तळमजला आहे का, हे विचारूनच हो म्हणा. नवरा फील्डला आणि घर तळमजल्यावर नदीकाठी, ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला गियाँ-बारे (जीबीएस) आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पिण्याच्या पाण्यावरच संशय होता. प्यायचं पाणी कुठून येतं हा प्रश्न कुठल्याही वस्तीत विचारा.

रात्रीचा दवाखाना आणि रात्रीचा फोन

एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, किती लांब आहे हे सगळे बघतात, पण दिवसा बघतात. रात्री दोनला मूल तापाने फणफणलं तर रिक्षा मिळते का? गेटवर सोडतात का? इथे एक गैरसमजही काढून टाकायला हवा. ईसीएचएस ही आरोग्य योजना निवृत्त फौजींसाठी आहे. ईसीएचएसच्या यादीतलं मोठं खासगी हॉस्पिटल समोर आहे म्हणून सेवेत असलेल्यांच्या कुटुंबांना तिथे आपोआप उपचार मिळत नाहीत. आपला रस्ता एमआय रूम (युनिटचा दवाखाना) आणि एमएचचाच. आईवडील अवलंबून म्हणून नोंदलेले असतील आणि महिन्याला तपासणी असेल तर घर एमएचच्या बाजूला घ्या, साहेबांना ड्यूटीला थोडं लांब पडलं तरी चालेल.

आणि फोन. फील्डमधून फोन येतो तो त्यांच्या सोयीच्या वेळेला, कधी पाचच मिनिटांचा. घरात नेटवर्क नसेल तर तो कट होतो आणि परत लागेलच असं नाही. आपण मुलांना घेऊन जिना उतरेपर्यंत तिकडे रांगेतल्या पुढच्या जवानाची पाळी आलेली असते. घर बघताना प्रत्येक खोलीत उभं राहून एकदा फोन लावून बघा, विशेषतः रात्री जिथे झोपणार त्या खोलीत. इतकी लहान गोष्ट, पण घर बघायच्या यादीत ती सहसा नसतेच.

वेटिंग किती ते न विचारता करार करणं

स्टेशन हेडक्वार्टरमध्ये दोन प्रश्न विचारा: वेटिंग अंदाजे किती महिन्यांचं, आणि आपलं नाव कोणत्या तारखेपासून धरलं जाईल. तीन-चार महिन्यांत क्वार्टर मिळणार असेल तर लहान, जवळचं, अडचणीचं घरही चालतं. त्यासाठी फर्निचर घेऊ नका, पेट्याही अर्ध्याच उघडा. पूर्ण टेन्युअर बाहेरच काढायचा असेल तर मात्र वरचं सगळं बारकाईने बघा.

भाड्याचं बजेट मागच्या स्टेशनवरून ठरवू नका. जानेवारी २०२४ पासून घरभाडं भत्त्याचे दर एक्स, वाय आणि झेड वर्गातल्या शहरांसाठी मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. पुणे एक्समध्ये, नाशिक आणि नागपूर वायमध्ये, अहिल्यानगर झेडमध्ये. मूळ वेतन ४०,००० असेल तर पुण्यात १२,००० मिळतात, नाशिकला ८,०००, अहिल्यानगरला ४,०००. भत्त्यासाठी क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो, तो आल्याआल्याच मागा. मिळालेलं क्वार्टर नाकारलं तर भत्त्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून नाही म्हणण्याआधी ऑफिसात नियम विचारून घ्या.

करार तोंडी नको, साध्या कागदावरही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. शाळा, गॅस, बँक सगळीकडे हाच कागद पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. त्यात एक वाक्य मात्र आवर्जून घालून घ्या: बदलीचा आदेश आला किंवा सरकारी क्वार्टर मिळालं तर लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट) लागू राहणार नाही, एक महिन्याच्या नोटिसीवर घर सोडता येईल आणि पूर्ण डिपॉझिट परत मिळेल. फौजी भाडेकरू भाडं वेळेवर देतो हे मालकांना ठाऊक असतं, त्यामुळे बहुतेक जण मान्य करतात. जो मालक हे वाक्य घालायलाच तयार नसेल, त्याचं घर सोडून द्या.

फक्त फौजींच्यात, किंवा फौजींपासून अगदी लांब

काही जण हट्टाने आपल्याच लोकांच्या इमारतीत घर घेतात, काही जणांना ‘सिव्हिल’मध्ये मोकळं राहायचं असतं. दोन्हींत तथ्य आहे. पण साहेब वर्षातले बरेच महिने बाहेर असणार असतील तर हाकेच्या अंतरावर निदान दोन फौजी कुटुंबं असू द्या. त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही, आणि युनिटची गाडी त्या बाजूला येत असेल तर कॅन्टीन, एमएच, मुलांची शाळा सगळंच सोपं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र साहेब कुठे आहेत, कधी येणार, हे कधीच लिहू नका. नवीन शेजारी आपुलकीने विचारतात. ‘ड्यूटीवर आहेत’ एवढं उत्तर पुरेसं असतं.

चूक झालीच असेल तर

आधी नेमकं काय चुकलंय ते ठरवा. शाळा लांब पडत असेल तर घर बदलण्याआधी बसचा दुसरा मार्ग किंवा त्याच बाजूच्या मुलांची एकत्र व्हॅन होते का बघा. दापोडी-बोपोडीच्या बाजूला असाल तर मोठ्या मुलांसाठी मेट्रो आहे. पाण्याचा प्रश्न असेल तर सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसा, भाडेकरूला मत नसलं तरी सेक्रेटरीशी ओळख होते. इमारतीत एकटं, असुरक्षित वाटत असेल तर सोसत बसू नका. युनिटच्या वेल्फेअरमध्ये, म्हणजे फौजींच्या बायकांच्या मंडळात, वहिनींना सांगा, बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचं चांगलं घर तिथूनच सर्वात आधी कळतं.

घर बदलायचंच ठरलं तर शाळेची टर्म संपेपर्यंत थांबा, आणि शाळा तीच ठेवून त्याच बसच्या मार्गावर घर शोधा. नोटीस लेखी द्या, मेसेजवर दिली असेल तर मालकाचं उत्तर जपून ठेवा. राहायला येताना काढलेले भिंतींचे, गिझरचे, दरवाज्यांचे फोटो डिपॉझिटच्या वेळी कामी येतात. काढले नसतील तर आजच काढा, तारखेसकट. क्वार्टरच्या वेटिंगमधलं नाव काही झालं तरी काढू नका आणि दर महिन्याला एकदा यादीत आपला नंबर कितवा आहे ते विचारत राहा.