डेटाबेसच्या आतूनच सर्व्हरची कमांड कशी चालवायची

समजा जिनिंगवर कापसाच्या काट्याचा हिशोब पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमधे आहे, सर्व्हर यवतमाळले अन् तुम्ही गावात, लॉगिन फक्त डेटाबेसचं, अन् पाहायचं आहे की डिस्क भरत आली का. तर एकच टेक्स्ट कॉलम असलेलं टेबल बनवा, नाव ठेवा डिस्क, मग लिहा कॉपी डिस्क फ्रॉम प्रोग्राम अन् पुढे सिंगल कोटात डीएफ (df), म्हणजे डिस्क किती भरली ते दाखवणारी सर्व्हरची कमांड. आता सिलेक्ट मारा, आउटपुटची एकेक ओळ एकेक रो होऊन येते. हे ९.३ व्हर्जनपासून आहे. पण सुपरयूजर, म्हणजे डेटाबेसचे सगळे हक्क असलेला यूजर, लागतो बरं का, नाहीतर व्हर्जन ११ पासून पीजी एक्झिक्यूट सर्व्हर प्रोग्राम (pg_execute_server_program) नावाचा रोल, म्हणजे तेवढाच हक्क, आहे तो मागा. कमांड चालते सर्व्हरवर, पोस्टग्रेसच्या यूजरनं, म्हणून तुमच्या लॅपटॉपवरची फाईल शोधत बसू नका भाऊ.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या क्लायंटमधली सिस्टम नावाची कमांड उलटी, ती तुमच्याच मशीनवर चालते, लोक इथंच फसतात.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधे याच कामाले एक्सपी कमांडशेल (xp_cmdshell) आहे, बाय डिफॉल्ट बंद. एसपी कॉन्फिगर (sp_configure) या सेटिंग बदलायच्या कमांडनं आधी शो अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स १ करा, रीकॉन्फिगर, मग एक्सपी कमांडशेल १, परत रीकॉन्फिगर. काम झालं की ० करून टाका, उघडं ठेवलं तर कोणी वेबच्या फॉर्ममधून इंजेक्शन मारून, म्हणजे नावाच्या जागी स्वतःची एसक्यूएल घुसवून, अख्खा सर्व्हरच ताब्यात घेईन. अन् फॉर्ममधे कोणी टाईप केलेलं नाव कमांडले कधीच जोडू नका, कमांड फिक्सच ठेवा.