जुनी अमेरिकन पक्षीचित्रं सोलापुरात बसून कशी पाहावीत

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर या चित्रांची पुस्तकं फुकट आहेत. मोबाइल नको, मोठा पडदा घ्या.

सगळे ऑड्युबॉन या पक्षीचित्रकारापासून सुरुवात करतात. माझं ऐका, आधी विल्सन उघडा. अलेक्झांडर विल्सन स्कॉटलंडमधल्या पेझलीचा विणकर. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, माग चालवून वाढलेल्या मला तो घरचाच वाटतो. त्याचे नऊ खंड १८०८ ते १८१४ दरम्यान निघाले. एकाच पानावर त्यानं कितीतरी पक्षी नीट बसवलेत, ती मांडणी सावकाश पाहा.

मार्क कॅट्सबी हा पक्षीचित्रकार त्याच्याही आधीचा, त्याचं पुस्तक १७३१ ते १७४३ दरम्यानचं. त्याच्या पक्ष्यांशेजारची झाडं सोडू नका.

मग ऑड्युबॉन: पुस्तक १८२७ ते १८३८ दरम्यानचं, चित्रं ४३५. चित्रक्रमांक वर उजव्या कोपऱ्यात असतो. थेट ४३१वर जा, तिथं रोहित (फ्लेमिंगो) पक्षी आहे. पान जवळपास ३९ इंच उंच, तरी खऱ्या मापाचा पक्षी मावेना, म्हणून मान खाली वाकवलेली. उजनीवर येणारे रोहित वेगळ्या जातीचे, पण चरताना मान अशीच घालतात! आता चित्र मोठं करा. रेघा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या, रंग मात्र प्रत्येक प्रतीत हातानं भरलेले. पंखांच्या कडांशी तो हात स्पष्ट दिसतो.